खाणींतील पाणी आणि जलविद्येची देवघेव

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत आकराध्यक्षाचें, म्हणजे खाणींवरील अधिकाऱ्याचें, एक प्रकरण आहे. कीट, मुशीचे तुकडे, कोळसे आणि राख या खुणांवरून पूर्वीं चाललेली खाण कशी ओळखावी, हें त्यांत सांगितलें आहे. ज्या खाणीचा खर्च व खटाटोप भारी, ती वाट्यानें अगर खंडानें दुसऱ्यास लावून द्यावी आणि हलकी असेल ती राजानें स्वतः चालवावी, असा व्यवहारी दंडकहि तेथें आहे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ छापून काढल्यापासून, आणि पुढें मुंबई विद्यापीठातर्फे कंगले यांची चिकित्सित आवृत्ति १९६० पासून बाहेर पडल्यावर, या प्रकरणाचा ऊहापोह विद्वानांनीं पुष्कळ केला. पण खाणीचा खर्च भारी होतो तो मुख्यतः कशामुळें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. खाण खोल गेली कीं पाणी लागतें, आणि तें उपसण्यांत मनुष्यबळ व जनावरें खर्ची पडतात. त्या पाण्याचा निचरा कसा करावा, याविषयीं मात्र प्रस्तुत प्रकरणांत विवेचन नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंतील दकार्गलाध्यायांत भूमीच्या पोटांतील पाण्याच्या शिरा वर्णिल्या आहेत खऱ्या. परंतु त्याचा हेतु पाणी शोधण्याचा, तें हांकून लावण्याचा नव्हे.

या मौनावरून आपल्या खाणकऱ्यांस ती विद्या नव्हती असें अनुमान काढणें साहसाचें होईल. ती विद्या हातांत होती, पोथींत नव्हती, एवढेंच म्हणतां येईल. आणि जी विद्या केवळ हातांत राहते ती तो हात थांबला कीं थांबते. म्हणून ज्या देशांत ती प्रथम सविस्तर ग्रंथबद्ध झाली, एका खाणींतून दुसरीकडे जाणीवपूर्वक नेली गेली, आणि जेथील दप्तर आजवर टिकलें आहे, तेथें जाऊन ती पाहणें आपल्यासारख्या कागदपत्रांच्या उपासकांस उपयोगाचें आहे. तो देश म्हणजे जर्मनी, आणि विशेषतः त्याच्या मध्यभागीं उत्तरेकडे पसरलेला हार्झ पर्वत.

ग्रंथाची गोष्ट आधीं सांगतों. गेओर्ग बाउअर ऊर्फ ॲग्रिकोला (१४९४–१५५५) हा वैद्य. योआकिम्सटाल या रुप्याच्या खाणींच्या गांवीं १५२७ पासून तो नगरवैद्य होता. तेथें खाणींत उतरून, कारागिरांस विचारून, त्यानें बारा भागांचा 'दे रे मेटालिका' हा लॅटिन ग्रंथ रचिला. तो त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षीं, १५५६ त, बासल येथें छापला गेला. सहाव्या भागांत पाणी उपसण्याचीं यंत्रें चित्रांसह दिलीं आहेत: बादल्यांच्या माळा, चामड्याच्या मोटा, सांखळीस चेंडू बांधून नळांतून ओढण्याचे पंप, एकावर एक रचिलेले दट्ट्यांचे पंप. कार्पेथियन पर्वतांतील शेम्निट्स येथें एका उपशास ९६ घोडे आळीपाळीनें जुंपावे लागत, हेंहि त्यानें नमूद केलें आहे. मोट आणि रहाट ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस या चित्रांत अपरिचित असें थोडेंच सांपडेल. फरक येवढाच, कीं आपल्याकडे पाणी हवें म्हणून उपसावयाचें, आणि तेथें नको म्हणून.

ग्रंथकाराची एक अडचण संस्कृतज्ञांस विशेष समजण्याजोगी आहे. कारागिरांचे शब्द जर्मन, ग्रंथाची भाषा लॅटिन, आणि प्राचीन लॅटिनांत या वस्तूंस नांवेंच नाहींत. तेव्हां त्यानें शेंकडों शब्द नवे घडविले. पुढें हर्बर्ट हूव्हर या खाण-अभियंत्यानें, जो १९२९ त अमेरिकेचा अध्यक्ष झाला, आपल्या पत्नीसह १९१२ सालीं या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. त्या वेळीं या स्वरचित शब्दांचा अर्थ लावणें हेंच दोघांस मोठें कष्टाचें काम पडलें. परिभाषा घडविणाऱ्यानें कोशहि सोबत ठेवावा, ही गोष्ट आपल्याकडील परिभाषाकारांनींहि ध्यानांत घ्यावी.

आतां हार्झ. या पर्वताच्या कडेस गॉसलार नगरानजीक रामेल्सबेर्ग नांवाचा डोंगर आहे. तेथील शिसें, तांबें व रूपें यांची खाण दहाव्या शतकापासून कागदोपत्रीं आढळते आणि ती बंद पडली १९८८ त. हजार वर्षें चाललेली खाण सहसा ऐकिवांत नाहीं. तेथें बाराव्या शतकांतच निचऱ्याचा एक बोगदा खोदलेला होता. हा बोगदा डोंगराच्या पायथ्यापासून किंचित् चढता असा आंत न्यावयाचा, म्हणजे खाणींतलें पाणी उपशाविना, आपल्या पायांनीं, बाहेर वाहून जातें. वरच्या हार्झमध्यें मात्र चौदाव्या शतकाच्या मध्यास काम थांबलें. महामारी आली, आणि खोल गेलेल्या खाणींतलें पाणीहि आवरेना. सोळाव्या शतकाच्या पहिल्या अर्धांत तेथील राजांनीं खाणकऱ्यांस सवलती देऊन पूर्वेकडील सॅक्सनींतून कुशल लोक आणविले, आणि या लोकांबरोबर त्यांची जलविद्याहि आली. हें देशांतर सिद्ध करावयास दप्तराची गरजच नाहीं. वरच्या हार्झमधील जुनी बोली भोंवतालच्या बोलींशीं न जुळतां दूरच्या सॅक्सन पर्वतांतल्या बोलीशीं जुळते. माणसें वसाहतीस जातात तेव्हां हत्यारांबरोबर उच्चारहि नेतात. कोंकणांतून घाटावर व घाटावरून तंजावरास गेलेल्या कुळांचा इतिहास शोधणाऱ्यांस ही पद्धति नवी नाहीं.

या लोकांपुढें पाण्याचा दुहेरी पेंच होता. खाणींत पाणी फार, आणि डोंगरावर पाणी थोडें. खाणींतलें पाणी उपसावयास पंप हवे, पंपांस फिरवावयास जलचक्रें हवींत, जलचक्रांस वरून पडणारें पाणी हवें. आणि उन्हाळ्यांत ओढे आटले, किंवा हिवाळ्यांत गोठले, कीं चक्रें थांबत, पंप थांबत, खाण बुडे. म्हणजे पाण्यानेंच पाण्यास बाहेर काढावयाचें. यासाठीं त्यांनीं तळीं बांधलीं, एकाखालीं एक अशा माळेनें, कीं वरच्याचें पाणी खालच्यांत यावें. आणि डोंगरांच्या कुशीवरून पाट काढून दूरदूरचें पाणी आणलें. सुमारें दोनशें चौरस किलोमीटरांत शंभराहून अधिक तळीं व शेंकडों किलोमीटर पाट अशी ही व्यवस्था तीन शतकांत वाढली. या कामाचा आरंभ वाल्केनरीड मठाच्या सिस्टर्सियन भिक्षूंनीं मध्ययुगांतच केला होता. जागतिक वारशाच्या यादींत रामेल्सबेर्ग व गॉसलार १९९२ त आलीं, आणि ही जलव्यवस्था २०१० त त्यांस जोडली गेली.

बांधकामाविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण विद्येचा कस तेथें दिसतो. तळ्याचे बांध मातीचे. मातीच्या बांधांतून पाणी झिरपूं नये म्हणून गवताच्या मुळ्यांसकट कापलेलीं ढेंपें थरावर थर रचीत. आरंभीं हा गवती पडदा बांधाच्या पाण्याकडील अंगास असे. पाणी सोडण्याची मोरी ओकच्या पोखरलेल्या खोडाची, आणि तिचें बूच ओढण्याची सोय अशी, कीं बिघाड झाला तर पुष्कळदां तळें रिकामें करावें लागे. अठराव्या शतकांत पडदा बांधाच्या पोटांत मध्यभागीं नेण्यांत आला, मोरीचें बूचहि तेथेंच आलें, आणि दुरुस्ती सुलभ झाली. ओडरटाइख या तळ्याचा बांध (१७१५–१७२२) तर गवताऐवजीं ग्रॅनाइटचा चुरा पोटांत घालून आणि बाहेरून ग्रॅनाइटचे चिरे रचून केला; २२ मीटर उंचीचा हा बांध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जर्मनींतला सर्वांत मोठा होता आणि आजहि उभा आहे. पाटांचा उतार इतका सूक्ष्म ठेवीत, कीं कांहीं ठिकाणीं गरजेप्रमाणें पाणी एकाच पाटांतून उलट दिशेसहि नेतां येई. हिवाळ्यांत बर्फानें पाट भरूं नयेत म्हणून त्यांवर झाडांच्या फांद्या घालून ते झांकीत. हें सर्व राखावयास पगारी पाटराखे असत. आपल्या खानदेशांतील फडपद्धतीच्या पाटकऱ्याचे ते जातभाईच म्हणावयाचे.

जमिनीच्या पोटांतील काम याहून धाडसाचें. जलचक्रें खाणींतच, दगडांत कोरलेल्या कोठड्यांत, एकाखालीं एक बसविलेलीं असत. तेंच पाणी एकावरून पडून दुसऱ्यावर, त्यावरून तिसऱ्यावर जाई आणि शेवटीं निचऱ्याच्या बोगद्यानें उपसलेल्या पाण्यासह बाहेर पडे. म्हणून बोगदा जितका खोल, तितकी पडणाऱ्या पाण्याची उंची अधिक व उपशाची उंची कमी, लाभ दोहोंकडून. याच हिशेबानें 'खोल गेओर्ग बोगदा' १७७७ त आरंभिला आणि १७९९ त पुरा झाला. मुख्य मार्गाचीच लांबी १० किलोमीटरांहून अधिक; खोदाई हातांनीं आणि दारूच्या सुरुंगांनीं. बोगद्यास नांव इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचें, कारण तोच हानोव्हरचा अधिपति. ज्या राजाच्या सरदारांशीं आपल्या पूर्वजांनीं १७८२ सालीं सालबाईचा तह केला, त्याच्याच दुसऱ्या राज्यांत त्या वेळीं हा बोगदा खोदला जात होता. तहाच्या वेळीं काम सुरू होऊन पांच वर्षें झालीं होतीं. कात्रजहून पुण्यास आणलेल्या पेशवाईंतील नळावर ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेवलेले आहेत, तसे उभे कूप या बोगद्यावरहि आहेत. एकाच शतकांतील दोन दूरस्थ देशांचे कारागीर एकाच युक्तीस पोंचले, हें पाहून समाधान वाटतें. पुढें एर्न्स्ट ऑगस्ट बोगदा (१८५१–१८६४) याच्याहि खालून नेण्यांत आला.

विद्या बाहेरून आणली म्हणजे ती रुजतेच असें नाहीं. तत्त्वज्ञ लाइब्निझ यानें १६७९ त हानोव्हरच्या राजाशीं करार केला, कीं पवनचक्क्यांनीं हार्झच्या खाणींचें पाणी उपसून देतों. त्याची कल्पना मूळची उत्तम होती. वारा असेल तेव्हां चक्रांवरून पडून गेलेलें पाणी पुनः वरच्या तळ्यांत चढवावें, आणि अवर्षणांत तें पुनः कामास यावें. आज विजेसाठीं वापरण्यांत येणाऱ्या एका पद्धतीचें बीज त्यांत आहे. सहासात वर्षें तो क्लाउस्टालच्या वाऱ्या करीत राहिला. वारा बेभरंवशाचा निघाला, यंत्रें मोडलीं, खर्च वाढला, खाणअधिकारी कुरकुरूं लागले, आणि १६८५ त राजानें काम थांबविलें. दोष अधिकाऱ्यांच्या आडमुठेपणाचा असें लाइब्निझचे चाहते म्हणतात. आमच्या मतें तो दोहोंकडे होता. ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या त्या डोंगरावर काढल्या, त्यांस वाऱ्याचें ज्ञान पुस्तकी नव्हतें. तें विचारून घेण्यास तत्त्वज्ञ उशीरा शिकला. त्याच वर्षीं राजानें त्यास आपल्या घराण्याचा इतिहास लिहावयास सांगितलें. खाणींतून निघालेला हा विद्वान् त्यानंतर जन्मभर दप्तरें धुंडाळीत राहिला आणि तो इतिहासहि पुरा झाला नाहीं; इतिहाससंशोधकांच्या पंक्तींत तो असा पाण्याच्या वाटेनें आला.

विद्या लपवून ठेवल्यानें काय होतें याचाहि दाखला येथेंच मिळतो. जलस्तंभाच्या दाबानें दट्ट्या चालविणारें उपसायंत्र हार्झमध्यें विंटरश्मिट यानें १७४८ च्या सुमारास आणि शेम्निट्स येथें हेल यानें १७४९ त, परस्परांस न कळतां, तयार केलें. एकाच गोष्टीवर दोन बुद्धिमान् माणसांची वर्षें खर्ची पडलीं. शेम्निट्स, म्हणजे आजच्या स्लोव्हाकियांतील बान्स्का श्त्याव्नित्सा, येथें हार्झप्रमाणेंच तळ्यांची व पाटांची मोठी व्यवस्था होती. समुएल मिकोव्हिनी यानें ती वाढविली, आणि १७३५ पासून तो तेथें खाणविद्या शिकवीतहि असे. पुढें तेथें १७६२ त, आणि सॅक्सनींतील फ्रायबेर्ग येथें १७६५ त, खाणविद्येचीं उच्च विद्यालयें निघालीं. क्लाउस्टाल येथील शाळा १७७५ ची. १७८६ त तर शेम्निट्सजवळील एका गांवीं इग्नाझ फॉन बॉर्न यानें निरनिराळ्या देशांचे खाणविद् बोलाविले, आपली धातु काढण्याची नवी रीति उघड करून दाखविली, आणि हार्झमधील अधिकारी फॉन ट्रेब्रा याच्यासह एक मंडळ स्थापिलें. जें ठाऊक आहे तें झांकून न ठेवतां एकमेकांस कळवावें, हाच त्याचा उद्देश. गटे हा कवि व वॉट हा वाफेच्या यंत्राचा सुधारक हेहि त्याचे सभासद होते. सभेस आलेला फाउस्तो एल्हुयार हा स्पॅनिश विद्वान् पुढें मेक्सिकोंतील खाणींचा मुख्य अधिकारी होऊन गेला. मंडळाच्या ग्रंथाचे दोन खंड १७८९ व १७९० त निघाले. १७९१ त बॉर्न वारला आणि मंडळहि विराम पावलें. आपलीं त्रैमासिकें ज्या हालांत निघतात तें ध्यानांत घेतां, दोन खंड निघाले हेंहि थोडें नव्हे.

येथवरचा वृत्तांत गौरवाचा झाला. परंतु या देवघेवींत एक मोठी उणीव राहिली, आणि आमच्या मतें हीच या इतिहासांतली मुख्य गोष्ट होय. पाणी आणावें कसें, साठवावें कसें, बाहेर घालवावें कसें, ही विद्या सर्वांनीं एकमेकांस दिली. बाहेर गेलेलें पाणी आपल्याबरोबर काय घेऊन जातें, हा प्रश्न त्या विद्येंत कोणी घातला नाहीं. हार्झमधून इनरस्टे नदी वाहते. खनिज कुटण्याच्या कारखान्यांतली शिशाची वाळू तिच्यांत पडे. पूर आला कीं ती खालच्या कुरणांवर व शेतांवर पसरे, गवत जाई, जनावरें मरत, भरपाईचीं भांडणें चालत. तें शिसें त्या खोऱ्याच्या मातींत आजहि आहे. वास्तविक ॲग्रिकोलानें आपल्या पहिल्याच भागांत खाणींच्या विरोधकांचें म्हणणें मांडतांना, धातु धुतलेल्या पाण्यानें ओढे विषारी होतात व मासे मरतात किंवा निघून जातात, हा आक्षेप दिला आहे. त्याचें खंडन करतांना त्यानें खाणींपासून होणाऱ्या लाभाकडे बोट दाखविलें आणि पुढल्या भागांकडे तो वळला. यंत्रांचीं चित्रें सर्वांनीं उतरून घेतलीं. आक्षेप होता तेथेंच राहिला.

ही गोष्ट केवळ परदेशची समजून सोडून देतां आली असती, परंतु गोमंतकानें तसें राहूं दिलें नाहीं. तेथें वर्षास सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि लोखंडाचें खनिज आहे तें डिचोली, सत्तरी, सांगें, केपें या टापूंत, जांभ्या दगडाखालीं. जांभा दगड पाणी धरून ठेवतो आणि गांवच्या विहिरी व झरे त्यावर जगतात. खाणी उघड्या खड्ड्यांच्या असल्यामुळें त्या खोल गेल्या कीं विहिरींचें पाणी त्यांच्याकडे ओढलें जातें, आणि खड्ड्यांतून तें बाहेर फेंकावें लागतें. एक टन खनिजामागें अडीच ते तीन टन माती बाहेर काढून ढीग घालतात; पावसांत ती शेतांत व ओढ्यांत उतरते. २०१०–११ सालीं चार कोटि टनांहून अधिक खनिज गोंव्याबाहेर गेलें, यावरून मातीचा अदमास वाचकांनींच करावा. शिरगांव येथें खाणींचे तळ समुद्रसपाटीच्याहि खालीं गेले आणि विहिरी आटल्या. २०१० च्या आसपास तें प्रकरण उच्च न्यायालयापुढें आलें, आणि नागपूरच्या नीरी संस्थेनें तेथील पाण्याची तपासणी केली. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ त गोंव्यांतील खाणकाम थांबविलें, आणि पुन्हा सुरू झालेल्या खाणींचे पट्टे २०१८ त रद्द ठरविले. २०२२ पासून लिलावानें नवे पट्टे देण्यांत येऊं लागले आहेत. मध्यंतरीं सोडलेल्या खड्ड्यांत पाणी भरून राहिलें, आणि उन्हाळ्यांत तेंच उपसून नदींत सोडून नळांच्या पुरवठ्यास लावण्याचा उपाय राज्याच्या जलसंपदा खात्यानें योजिला आहे. हार्झमध्यें तरी दुसरें काय झालें! खाणी १९९२ पर्यंत सर्व बंद झाल्या. सुमारें ६५ तळीं, ७० किलोमीटर पाट आणि २० किलोमीटर भुयारी मार्ग आज एक पाणीपुरवठा संस्था राखते, आणि त्यांतल्या कांहीं तळ्यांचें पाणी लोक पितात.

मात्र दोहोंत एक भेद आहे. हार्झमध्यें पाण्याची विद्या खाणीबरोबरच वाढली. गोमंतकांत ती खाणीपूर्वीं शेंकडों वर्षें गांवांत तयार होती, आणि खाण आली तेव्हां तिला कोणी विचारलें नाहीं. खाजणांचे बांध, त्यांतील मानशी म्हणजे भरतीचें पाणी अडवून ओहोटीचें सोडणाऱ्या दाराच्या मोऱ्या, बांध फुटल्यास कोणी किती हात काम करावयाचें याचे नियम, हें सर्व गांवकऱ्या सांभाळीत. १५२६ च्या फोरालांत पोर्तुगीजांनीं या गांवसंस्थांचे पूर्वापार हक्क लिहून घेतले, ते नवे निर्माण केले नव्हते. खाणींचा गाळ नदीवाटे खालीं येतो तो याच बांधांपाशीं. वरच्या खड्ड्याचा अभियंता आणि खालच्या मानशीचा राखणदार एकाच पाण्याचा हिशेब ठेवतात, पण दोघांच्या वह्या कधीं एका मेजावर आल्या नाहींत.

त्या वह्यांपैकीं निदान एक बाजू शोधण्याजोगी आहे. गांवकऱ्यांचे मोडी लिपींतले कागद गोंव्याच्या पुराभिलेखागारांत आहेत; डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं त्या दप्तरखान्याची व्यवस्था लावली, हें या वाचकांस सांगणें नको. परंतु त्या कागदांचा अभ्यास आजवर मुख्यतः राजकारण, जमीन आणि देवस्थानें यांच्या अंगानें झाला आहे. बांधांची दुरुस्ती, मानशीचा लिलाव, ओढ्याच्या पाण्याची पाळी, पुराचें वर्ष, विहीर आटल्याची तक्रार, अशा नोंदी कोणी निराळ्या काढून तारीखवार लाविलेल्या आमच्या पाहण्यांत नाहींत. डिचोली, सत्तरी, सांगें व अंत्रुज या महालांतील कुळांच्या खाजगी संग्रहींहि असे कागद असावेत. ज्यांच्याजवळ ते असतील त्यांनीं मूळ कागद न देतां नक्कल अगर छायाचित्र मंडळाकडे पाठविल्यास, वर्ष, गांव आणि ओढ्याचें नांव यांसह त्यांची यादी पुढील अंकांतून छापण्याची व्यवस्था करतां येईल. कागद फाटका किंवा अपुरा असला तरी चालेल. तारीख मात्र वाचतां यावी.